लाकडाचं सूप

तानुबाईंनी आपल्या दोन्ही लेकरांना बिड्या वळायच्या सुपाला कधी हात लावू दिला नाही. निपाणीत त्यांच्या गल्लीतल्या बाकीच्या पोरी सातव्या-आठव्या वर्षीच आईशेजारी बसून टेंभुर्णीची पानं कापायला लागायच्या. थोरल्या उपासनानं एकदाच, आई पाण्याला गेल्यावर, मापाचा पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कातरीनं एक पान कापलं होतं. तानुबाई परत आल्या, त्यांनी ते कापलेलं पान पाहिलं, कातर हिसकावून घेतली आणि लेकीच्या मांडीवर गणिताची वही आपटली.

"तुझं सूप हे," एवढंच म्हणाल्या. धाकटा दीपंकर तेव्हा रांगत होता.

त्या वहीनं उपासनाला डिप्लोमापर्यंत नेलं आणि डिप्लोमानं बेळगावला, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये. पंपाचं कवच ओतायचं तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो नमुना वाळूत दाबला की साचा तयार होतो आणि त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. असे नमुने करणाऱ्या अकरा जणांत उपासना एकटी बाई होती. तिला काम शिकवलं येळ्ळूरच्या भरमू अण्णांनी. पहिले पंधरा दिवस त्यांनी तिला लाकडाला हातच लावू दिला नाही, नुसत्या पटाश्यांना धार लावायला लावली. सोळाव्या दिवशी तिच्या पटाशीनं आपल्या मनगटावरचा केस कापून बघितला आणि म्हणाले, "आता फळी घे."

तेरा वर्षं ती त्या टेबलाशी होती. मग नमुने छापणारं यंत्र आलं. कॉम्प्युटरवर आकृती काढायची, बटण दाबायचं, रात्रीतून नमुना तयार. पॅटर्न शॉप बंद झालं. उपासनाला आकृत्या काढता येत होत्या म्हणून दुसऱ्या कारखान्यात कॉम्प्युटरपुढची खुर्ची मिळाली. अण्णा साठीच्या पुढं होते, ते घरी बसले.

शेवटच्या दिवशी सगळे निघून गेल्यावर उपासनाला खिळ्यावर अण्णांची तपकिरी कानटोपी लटकलेली दिसली. अण्णा गेटपर्यंत पोचले असतील म्हणून ती घाईनं टोपी काढायला गेली आणि तिचा हात तसाच राहिला. टोपी कडक होती. जड होती. लाकडाची होती.

मागं दारात अण्णा उभे राहून हसत होते. "आठ म्हैनं लागलं. जेवणाच्या सुट्टीत करत हुतो. कुणालाच कळलं न्हाय बघ."

उपासनानं टोपी उजेडात नेली. लोकरीची एकेक वीण कोरलेली होती. कानापाशी एक टाका उसवलेला होता, तोसुद्धा. डोक्यावर घालून घालून जिथं लोकर ताणते, तिथं वीण विरळ झालेली होती. रंग चहाच्या आणि काताच्या पाण्याचा.

"अण्णा, हे कसं केलंत?"

"तेरा वर्सं तुला जे शिकवलं ते समदं इसरून," अण्णा म्हणाले. "नमुना करताना आपण कोपरा मारतो, उतार देतो, वाळूतनं सुटून यावा म्हणून. हितं काय बी सुटून यायचं न्हाय. टोपी जशी हाय तशी. बघायचं आन् तेवढंच करायचं. लई अवघड हाय."

ती बसमध्ये बसली तेव्हा तिचं ठरलं होतं. आपणही असं काहीतरी करायचं. पण काय करायचं ते मात्र ठरत नव्हतं. तिनं पिशवी करून बघितली, मग घडी घातलेला रुमाल केला. दोन्ही बरे झाले. दोन्ही कुणाचेही असू शकले असते. एका रविवारी कंग्राळीतल्या आपल्या दोन खोल्यांत ती नखांतला भुसा काढत बसली होती आणि समोर काही नसताना तिला आईचं सूप दिसलं. पानं, तंबाखूचा ढीग, गुलाबी दोऱ्याचं रीळ, अर्धवट वळलेली बिडी. जन्मापासून बघितलेली वस्तू. फोटोसुद्धा लागणार नाही, असं तिला वाटलं.

पाच महिने ती रोज पहाटे कामावर जायच्या आधी दोन तास बसली. सूप पुरं झालं, तिनं ते खिडकीखालच्या टेबलावर ठेवलं, आणि त्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमेला तानुबाई लेकीकडं आल्या.

त्या उंबऱ्यातच थांबल्या. चप्पल एका पायात, एका पायातली काढलेली. चेहरा पांढरा पडला.

"हे कवापासनं?" त्या म्हणाल्या.

"काय आये?"

"नोकरी गेली म्हणून सांगायचं हुतंस. दीप्याकडं गेले असते, शेजारच्या शालूकडं गेले असते, कुणाच्या बी पाया पडले असते. पर तू सूप मांडून बसलीस? माझ्या माघारी?"

उपासनाला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिला हसू येईना आणि रडू येईना. तिनं आईचा हात धरला, टेबलापाशी नेला आणि तंबाखूच्या ढिगावर ठेवला. तानुबाईंची बोटं सवयीनं चिमूट घ्यायला वळली. चिमूट आली नाही. त्यांनी पान उचलून बघितलं, पान उचललं गेलं नाही. मग त्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ पदराचं टोक डोळ्यांशी धरून बसल्या.

उपासनानं चहा केला. चहा निम्मा झाल्यावर तानुबाईंनी मान वर केली आणि पहिल्यांदा सूप नीट बघितलं. कडेनं बघितलं, वाकून बघितलं.

"हे बिडीवालीचं सूप न्हाय," त्या म्हणाल्या.

"का?"

"तंबाखूचा ढीग बघ की. वाणसामानाच्या दुकानात साखर मांडल्यागत. असा ढीग दिसभर ऱ्हातोय व्हय? आन् पानं समदी सारखी कशी? दोरा डावीकडं. डावखुरी हाय का ही बाई?" त्यांनी कप खाली ठेवला. "ज्यानं केलं त्यानं बिडी वळली न्हाय कदी."

"तू वळू दिलीस का?" उपासना म्हणाली. "आता शिकव."

"न्हाय."

"आये, मला बिड्या विकायच्या नाहीत. मला हात कसा फिरतो ते कळायला पाहिजे."

"म्या न्हाय म्हटलं न्हवं? तीस वर्सं तुला त्यापासनं लांब ठेवायला घालवली, आन् आता माझ्याच हातानं शिकवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या निपाणीला गेल्या. उपासनानं ते सूप टेबलावरून काढलं आणि फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं. आई जे म्हणाली त्यातलं एकही चूक नव्हतं, हे तिला कळत होतं. तिनं सूप केलं नव्हतं. सुपाची आठवण केली होती.

पुढच्या रविवारी ती निपाणीला गेली. आईनं जेवू घातलं, गप्पा मारल्या, शिकवलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी उपासना आईच्या घरी न जाता सरळ शेजारच्या शालूबाईंच्या कट्ट्यावर जाऊन बसली. शालूबाई तानुबाईंच्या बरोबरीच्या, अजून बिड्या वळत होत्या. त्यांनी ओल्या फडक्यातली पानं पुढं सरकवली आणि म्हणाल्या, "बस. पर तुझी आई माझ्या झिंज्या उपटंल."

उपासनाची पहिली बिडी मधेच फुगली. दुसरी सुटली. पान फाटलं. लाकडी नमुन्यात केसाइतका फरक ओळखणारी तिची बोटं त्या पानापुढं काठीसारखी झाली. अकरा वाजेपर्यंत तिच्यापुढं सतरा बिड्या होत्या आणि त्यातली एकही कुणाला दाखवण्यासारखी नव्हती. गल्लीतून जाणारी-येणारी माणसं थांबून बघत होती. इंजिनियर झालेली तानूची पोरगी बिड्या वळतीय.

तानुबाईंच्या कानावर गेलंच. त्या तरातरा आल्या. कट्ट्याखाली कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ऊठ."

"नाही."

"लोकं बघाय लागल्यात."

"बघू देत. मी चोरी करत नाही."

उपासनानं अठरावं पान घेतलं. चिमूट घातली, वळायला घेतलं. तानुबाई बघत राहिल्या. पान पुन्हा वाकडं गेलं, टोक सैल पडलं. उपासनानं ते सोडलं आणि तसंच दुसऱ्यांदा वळलं, पुन्हा सैल. तानुबाईंच्या गालाचा स्नायू हलला.

"अंगठा आत घे," त्या म्हणाल्या.

उपासनानं वर बघितलं.

"माझ्याकडं काय बघतीस, पानाकडं बघ. अंगठा आत. शिरेच्या बाजूनं वळवतात का कुणी? फाटणारच की." आणखी दोन पानं त्यांनी सोसली. मग चप्पल काढून कट्ट्यावर चढल्या, शालूबाईंना सरकायला लावलं आणि लेकीच्या हातातलं पान घेतलं. "आण हिकडं. असलं काम बघवत न्हाय मला."

त्या दुपारी आणि त्याच्या पुढच्या सगळ्या रविवारी तानुबाईंनी तिला शिकवलं. शिकवताना जे कधीच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. तंबाखू नेहमी एकाच बाजूनं उचलतात, त्यामुळं ढिगाला तीन बोटांचं तळं पडतं. सूप मांडीवर असतं, पोटाकडची कड लुगड्यानं घासून घासून गुळगुळीत होते आणि काळी पडते. ती कड उसवली की जुन्या लुगड्याची पट्टी शिवतात. पानं सारखी कापली तरी सारखी राहत नाहीत. सकाळची मऊ असतात, दुपारची कडेनं वळायला लागतात. वळलेल्या बिडीचं तोंड अंगठ्याच्या नखानं दुमडायचं. तानुबाईंच्या त्या नखाला खाच पडलेली होती, काम सोडून सहा वर्षं झाली तरी ती भरून आली नव्हती.

"आन् कारखान्यात दिल्यावर छाट काढायचे," त्या म्हणाल्या. "चांगली बिडी असली तरी मूठभर बाजूला टाकायची, खराब म्हणून. तोंडाकडं बघायची बी गरज न्हाय. हात घालायचा, काढायची."

"मग तू काय करायचीस?"

"दुसऱ्या दिवशी अजून चांगल्या वळायची," तानुबाई म्हणाल्या.

आषाढ संपता संपता उपासना येळ्ळूरला अण्णांकडं गेली. "मला एकच ठोकळा पाहिजे. दीड फूट रुंद. जोड नको," ती म्हणाली. अण्णांच्या शेताच्या बांधावरचं शिवणीचं झाड बारा वर्षांपूर्वी वाऱ्यानं पडलं होतं, त्याचा बुंधा त्यांनी गोठ्यात वाळवत ठेवला होता. त्यांनी त्याच्यावरची गवताची पेंढी बाजूला केली. शिवणीचं लाकूड फिकट, हलकं, आणि एकदा वाळलं की वाकत नाही. अण्णा स्वतः टेम्पोत बसून ठोकळा कंग्राळीपर्यंत घेऊन आले.

"एका लाकडात पानं बी, दोरा बी, सूप बी?" त्यांनी विचारलं. "एक पान मोडलं तर समदं गेलं बघ."

"माहीत आहे."

"भुसा चिकटवून तंबाखू करता यील."

"येईल. पण ते चिकटवलेलं असेल."

अण्णा हसले आणि आपली सगळ्यात बारीक पटाशी, दातकोरण्याएवढी, तिच्या टेबलावर ठेवून गेले.

दसऱ्यापर्यंत सुपाची वीण झाली. दिवाळीत तंबाखूचा ढीग झाला, तीन बोटांच्या तळ्यासकट. मग पानं. पोस्टकार्डाएवढी जाडी येईपर्यंत पान तासायचं, खालून पोकळ करायचं, कड थोडी वळवायची. डिसेंबरात एका सकाळी सगळ्यात वरच्या पानाचं टोक तिच्या पटाशीखाली तुटलं आणि जमिनीवर पडलं. उपासना ते हातात घेऊन बसली. डिंक लावला तर कुणाला दिसलं नसतं. तिला दिसलं असतं. त्या दिवशी तिनं कामावर रजा टाकली. ते पान तिनं पूर्ण तासून काढलं, त्याच्या खालचं पान वर आणलं आणि त्यासाठी अख्खा ढीग एक सूत खाली घेतला. त्याला पाच आठवडे लागले. शेवटी चहाच्या आणि काताच्या पाण्यानं आणि थोड्या रंगानं तिनं ते रंगवलं.

त्याच दिवसांत दीपंकर आला. तो बेळगावातच एका सरकारी कचेरीत होता. त्यानं काम बघितलं, त्याला ते आवडलं नाही असं नाही, पण ते प्रदर्शनात मांडायचं आहे हे कळल्यावर तो अस्वस्थ झाला.

"आक्का, एक विचारू? यातून बाहेर पडायला आईनं हाडं झिजवली. माझ्या ऑफिसात कुणाला माहीतसुद्धा नाही. आणि तू ते लोकांपुढं मांडणार?"

"तुझ्या ऑफिसात माहीत नाही, ते का?"

"मी कशाला सांगू?"

लेकीकडं आलेल्या तानुबाई आत भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "दीप्या, मी चोरून केलं का ते काम?"

"तसं नाही आई."

"मग कसं?"

दीपंकरनं हात धुतले. तो जेवला आणि गेला. जाताना सुपाकडं पुन्हा एकदा बघून गेला.

फेब्रुवारीत बेळगावातल्या एका संस्थेचं लाकूडकामाचं मोठं प्रदर्शन होतं. बंगळूरहून, कोल्हापूरहून, गोव्याहून कारागीर येणार होते. उपासनानं अर्ज भरला, चार बाजूंनी फोटो काढून पाठवले. वीस दिवसांनी उत्तर आलं. 'आपण पाठवलेल्या छायाचित्रांत वापरातील प्रत्यक्ष वस्तूंची मांडणी आहे. ती या प्रदर्शनाच्या नियमांत बसत नाही.'

तिनं ते पत्र दोनदा वाचलं. मग आईला फोन करून वाचून दाखवलं.

"म्हंजी?" तानुबाई म्हणाल्या.

"म्हणजे त्यांना ते खरंच सूप वाटलं. लाकूड नाही."

"तुझी बी छाट काढली तर," तानुबाई म्हणाल्या. "तोंडाकडं न बघता. म्हणशील तवा मी येती. आपण दोघी जाऊन दाखवू त्यास्नी."

उपासनानं दोन वेळा फोन केले, दोन पत्रं लिहिली. यादी छापून झाली, असं उत्तर आलं. प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला मायलेकी रिक्षानं त्या सभागृहापाशी उतरल्या. सूप जुन्या लुगड्यात गुंडाळून तानुबाईंच्या हातात होतं.

आत मांडामांड चालली होती. लाकडी घोडे, कोरलेले दरवाजे, एक भला मोठा नंदी. निवड समितीच्या प्रियदर्शनी मॅडम मधोमध उभ्या राहून दिवे कुठं लावायचे ते सांगत होत्या. पन्नाशीच्या, केस आखूड, हातात कागद. उपासनानं आपलं नाव सांगितलं.

"हो, तुमचं पत्र मिळालं," त्या नम्रपणे म्हणाल्या. "पण आम्ही फोटो पाहिले ना. विषय चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण हे शिल्पांचं प्रदर्शन आहे. खरं सूप आणून ठेवणं हे वेगळं काम झालं."

"मॅडम, दोन मिनिटं."

"उद्या उद्घाटन आहे हो. माझ्याकडं खरंच..."

उपासनानं आईच्या हातातून गाठोडं घेतलं आणि लुगडं सोडलं. आजूबाजूचे दोन-तीन कारागीर मान वळवून बघायला लागले. तपकिरी हिरवी पानं, तंबाखू, गुलाबी दोरा, अर्धी वळलेली बिडी. प्रियदर्शनी मॅडमनी एक नजर टाकली, मान हलवली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

उपासनानं सूप उलटं केलं.

"अगं!" तानुबाई ओरडल्या. सगळं ठाऊक असूनही ओरडल्या. प्रियदर्शनी मॅडमच्या हातातले कागद खाली पडले, कारण सांडणारं झेलायला त्यांचे दोन्ही हात आपसूक पुढं आले होते. नंदीवाला शिल्पकारही एक पाऊल पुढं आला होता.

काहीच पडलं नाही. एक पान नाही, तंबाखूचा कण नाही.

उपासनानं सूप तसंच उलटं धरून ठेवलं. मॅडमनी खाली वाकून, मान वाकडी करून वर बघितलं. मग एक बोट लावलं. मग तळहात. सूप सरळ करून त्यांनी ते दिव्याखाली नेलं आणि पाच-सहा मिनिटं बघत राहिल्या. पोटाकडच्या काळ्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"एकच लाकूड?"

"एकच. शिवण."

"माझी चूक झाली," प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या. "आम्ही चार जणांनी फोटो पाहिले आणि चौघांनाही शंका आली नाही. तुम्हाला बोलावून विचारायला हवं होतं." त्यांनी भोवती बघितलं. "यादीत नाव घालता येणार नाही, ती छापली. पण जागा करू. चौथरे संपलेत. ही वस्तू जमिनीवरचीच आहे ना? तिथं कोपऱ्यात चटई टाकली तर साजून दिसेल."

उपासनालाही ते पटलं. ती हो म्हणणार तेवढ्यात तानुबाई पुढं झाल्या.

"खाली नगं," त्या म्हणाल्या. "खाली लई वर्सं बसले मी. वर ठेवा."

मग नंदीवाल्यानं आपलं हत्यारांचं टेबल रिकामं केलं, त्याच्यावर पांढरं कापड टाकलं आणि दोघांनी धरून ते दिव्याखाली आणलं.

दुपारी वस्तूपुढं ठेवायची पाटी छापून आली. कन्नडमध्ये, खाली मराठीत: 'बिडी कामगार महिलेचे सूप. शिल्पकार: उपासना मधाळे.' उपासनानं ती वाचली आणि परत नेऊन दिली.

"हिच्यात नाव नाही."

"आहे की तुमचं."

"माझं आहे. सुपाचं नाही. हे कुठल्यातरी बाईचं सूप नाही." तिनं कागदावर लिहून दिलं: 'तानुबाई भीमाप्पा मधाळे, बिडी कामगार, निपाणी, यांचे सूप.' त्या छापणाऱ्या माणसानं कंटाळून श्वास सोडला. "आता मशीन बंद केलंय, मॅडम."

"मी थांबते," उपासना म्हणाली आणि त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसली. पाऊण तासानं नवी पाटी आली.

प्रदर्शन पाच दिवस होतं. बक्षीस नंदीला मिळालं आणि ते रास्त होतं, असं उपासनाला वाटलं. अण्णा दुसऱ्या दिवशी येळ्ळूरहून आले. चष्मा लावून त्यांनी पानांच्या कडा बघितल्या, वाकून खालचा पोकळ भाग बघितला आणि म्हणाले, "मला जमलं नसतं." तेरा वर्षांत त्यांनी तिच्या कुठल्याही कामाला एवढं म्हटलं नव्हतं. चौथ्या दिवशी शालूबाई आणि गल्लीतल्या नऊ जणी टेम्पो करून आल्या. पहारेकऱ्यानं हात लावू नका म्हणून सांगितलं. "लावू दे," उपासना म्हणाली. दहा जणींनी हात लावला. शालूबाईंनी कडेची पट्टी चाचपली आणि पाटी न वाचताच म्हणाल्या, "तानूचंच हाय. ही पट्टी तिच्या हिरव्या लुगड्याची. माझ्याच कातरीनं कापलीती."

शेवटच्या दिवशी संध्याकाळी दीपंकर आला. बरोबर बायको होती, मुलगी होती, आणि ऑफिसातले दोघे होते. त्यांना तो स्वतःच घेऊन आला होता. त्यानं पाटी वाचली, मोठ्यानं वाचली, आणि सोबतच्यांना म्हणाला, "ही माझी आई." एवढं म्हणताना त्याचा आवाज थोडा चढला, जणू कुणी नाही म्हणणार होतं.

दीपंकरच्या मुलीनं टाचा उंचावून सुपात बघितलं. "आज्जी, हे काय असतं?"

तानुबाईंना कुणीतरी खुर्ची दिली. त्यांनी नातीला पुढ्यात उभं केलं, तिचा उजवा हात घेतला आणि सांगायला सुरुवात केली. पान आधी भिजवायचं, का भिजवायचं, किती वेळ. फर्मा कसा ठेवायचा. शीर कुठल्या बाजूला. पोरीची बोटं त्या आपल्या बोटांनी वळवून दाखवत होत्या. ऑफिसातले दोघे जवळ सरकले, मग नंदीवाला, मग वाटेनं चाललेले आणखी काही. कुणीतरी मध्येच विचारलं, दिवसाला किती व्हायच्या. तानुबाईंनी त्याच्याकडं बघितलं. "सांगते की. अजून दोरा बांधायचा हाय," म्हणाल्या आणि पुढं सुरू झाल्या.

सहा वाजले. माईकवरून प्रदर्शन संपल्याचं सांगितलं गेलं. पलीकडचे दिवे बंद व्हायला लागले, घोडे गोणपाटात गुंडाळले जायला लागले. एक कामगार पांढऱ्या कापडाचं टेबल उचलायला आला, पण घोळका बघून थांबला.

प्रियदर्शनी मॅडम उपासनाजवळ आल्या. "अजून किती वेळ लागेल?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

उपासनानं आईकडं बघितलं. तानुबाईंचा अंगठा आत होता, पान नसलेल्या हातात पान वळलं जात होतं आणि बिडीचं तोंड अजून दुमडायचं राहिलं होतं.

"पाव तास तरी," ती म्हणाली.

"बरं," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी त्या कामगाराला हातानं खूण करून टेबलावरचा दिवा तेवढा चालू ठेवायला सांगितला.